फाट्यावरची जपानी फटफटी

आज इतिहासाच्या चार गोष्टी सांगायच्या आहेत. पण त्या राजेरजवाड्यांच्या नव्हेत. तुमच्या ओट्याला टेकून उभी असलेली जुनी मोटारसायकल आहे ना, तिचाच हा इतिहास.

वारंगा फाट्यावर घटकाभर उभे राहा. एक वाट नांदेडला जाते, दुसरी कळमनुरीवरून हिंगोलीला, तिसरी उमरखेड-यवतमाळकडून नागपूरला. ट्रक आणि एस. टी. यांच्या गर्दीतून मागे खताची पिशवी बांधलेली एखादी जुनी हिरो होंडा हळूच वाट काढते. तिच्या मागून धूर सोडीत, कान किटवीत आरएक्स १०० निघून जाते. दोघींचेही माहेर जपान. मग त्या आपल्या शिवारात आल्या कशा?

दुसऱ्या महायुद्धाने जपान बेचिराख झाला होता. पेट्रोल मिळेना, आगगाडीत पाय ठेवायला जागा नसे. १९४६ मध्ये सोइचिरो होंडा या कारागिराने लष्कराची उरलेली लहान इंजिने घेतली आणि ती सायकलींना जोडून विकली. १९४८ मध्ये त्याची कंपनी उभी राहिली. सुझुकीचा मूळ धंदा मागांचा. १९०९ पासून ते कापड विणायचे माग बनवीत. यामाहाच्या मूळ पुरुषाने १८८७ मध्ये एका शाळेचा बाजाचा पेटारा, म्हणजे ऑर्गन, दुरुस्त केला आणि त्यातून वाद्यांचा कारखाना निघाला; त्यांची पहिली मोटारसायकल आली १९५५ मध्ये. कावासाकी तर जहाजे बांधणारे. पाहा, माग, पेटी आणि जहाज यांच्या कारागिरीतून ही फटफटी जन्मली! १९६१ मध्ये होंडाच्या गाड्यांनी मॅन बेटावरच्या नामांकित शर्यती जिंकल्या, तेव्हा कुठे युरोपचे डोळे उघडले.

आपल्याकडे तेव्हा बुलेट, जावा आणि राजदूत यांचे राज्य होते. गाड्या दणकट खऱ्या, पण पेट्रोल पिणाऱ्या. स्कूटर हवी असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८० नंतर सरकारने परदेशी कंपन्यांच्या भागीदारीला वाट मोकळी केली. १९८४ मध्ये इंड-सुझुकी आली. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली. १९८६ मध्ये बजाजने कावासाकीबरोबर केबी १०० काढली. त्याआधी एकच वर्ष, १९८५ मध्ये, बजाजचा कारखाना औरंगाबादजवळ वाळूजला सुरू झाला होता. म्हणजे यंत्रयुग मराठवाड्याच्याही दाराशी आले.

आता थोडे शास्त्र. आरएक्सचे इंजिन दोन ठोक्यांचे, टू-स्ट्रोक. दट्ट्या वर आला की दर खेपेस स्फोट होतो, म्हणून जोर भारी. पण थोडे ताजे पेट्रोल न जळताच धुराबरोबर निसटते आणि तेलही पेट्रोलबरोबर जळते. सीडी १०० चे इंजिन चार ठोक्यांचे. तिथे एका खेपेआड स्फोट होतो. जोर कमी, पण पेट्रोलची बचत मोठी. पुढे धुराचे नियम कडक होत गेले आणि १९९६ मध्ये आरएक्स १०० बंद झाली. भागीदाऱ्याही मोडल्या: टीव्हीएस आणि सुझुकी २००१ मध्ये वेगळे झाले, हिरो आणि होंडा यांनी २०१० च्या अखेरीस फारकतीचा निर्णय केला. टाकीवरची नावे मात्र राहिली.

अशी जुनी गाडी घ्यायची झाली तर आधी कागद पाहा, मग रंग. नंबराची पाटीसुद्धा इतिहास सांगते बरे! हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून निघाला. त्यामुळे त्याआधीच्या आपल्या अनेक गाड्यांवर परभणीचा एमएच २२ दिसतो. हिंगोलीचा एमएच ३८ नंतरचा. चासीचा आणि इंजिनचा नंबर नोंदणीपुस्तकाशी अंकन्‌अंक ताडून बघा. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. ती केली आहे का? कर्जाचा बोजा उतरला आहे का? विमा चालू आहे का?

आणि गाडी नावावर करून घ्या, टाळाटाळ नको. विकणाऱ्यालाही हे सांगणे आहे. "पैसे मिळाले, आपला संबंध संपला," असे समजू नका. उद्या त्या गाडीने कोणाला धडक दिली, तर नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विमा नसेल तर भरपाईपायी शेत विकायची पाळी यायची. नमुना २९ आणि ३० चे दोन कागद भरायचा आळस एवढा महाग पडू शकतो.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिनाला हात लावून बघा. थंड असतानाच ते तुमच्यासमोर चालू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेली गाडी आपली दुखणी झाकते. चार ठोक्यांच्या गाडीतून निळा धूर आला तर इंजिन तेल खाते आहे, असे समजावे. टाकीचे झाकण उघडून आत गंज आहे का, तेही पाहावे.

घरी आणल्यावर तिची निगा बैलासारखी राखा. आपल्या काळ्या मातीची धूळ फार बारीक. हवेची जाळी वरचेवर साफ केली नाही तर ती धूळ इंजिन कातरते. साखळी फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. मध्ये दाबली तर बोटभर हलावी. सीडीचे तेल मोजून पाहावे, काळे पडले की बदलावे. आरएक्सची तेलाची टाकी वेगळी असते. ती रिकामी राहिली तर दट्ट्या जागीच जाम होतो.

गुरुजी, एक दिवस वर्ग अंगणात भरवा. एखादी जुनी गाडी मधोमध उभी करा आणि मुलांना विचारा, हिचे नाव कोणाचे, नंबर कुठला, धूर का येतो? भूगोल, इतिहास आणि विज्ञान, तिन्ही तास एकाच गाडीपाशी होतील. आणि घरी जाऊन ती पोरे बापाला एवढे नक्की विचारतील, "बाबा, आपली गाडी कोणाच्या नावावर आहे?"