ध्वनिमुद्रण-माहितीपट

गाजलेला गीतसंग्रह किंवा तबकडी कशी घडली, हे ती घडवणाऱ्यांच्या तोंडून आणि मूळ मुद्रणाच्या आधारे सांगणारा माहितीपट. कलावंताचे चरित्र हा त्याचा विषय नसतो. एका विशिष्ट मुद्रणात कोणते निर्णय झाले, काय गाळले, काय ठेवले, हा असतो.

या प्रकाराची घडण बहुपदरी मुद्रणामुळे शक्य झाली. गायन, गिटार, ढोल स्वतंत्र पट्ट्यांवर साठवले, की पुढे कधीही एकेक पदर उचलून ऐकवता येतो. १९९२ साली निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ची मूळ मुद्रणे मिश्रण-मेजावर अशीच उलगडून दाखवली. ‘क्लासिक अल्बम्स’ या ब्रिटिश मालिकेने तीच रीत रूढ केली. दुसरी रीत मुद्रण चालू असतानाच चित्रण करण्याची. भारतातील तिचे ठळक उदाहरण म्हणजे पॉल टॉमस अँडरसन यांचा ‘जुनून’ (२०१५). जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात संगीतकार शाय बेन त्झूर, जॉनी ग्रीनवुड आणि राजस्थानी वादक यांचे मुद्रण त्यात दिसते. वीज जाते, खोलीत कबुतर शिरते, आणि हे सारे चित्रपटात राहते.

मराठीत हा प्रकार रुजला नाही, याचे मोठे कारण तांत्रिक आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. गायक, साथीदार सगळे एकत्र, एका दमात. एक चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. वेगळे करून दाखवायला पदरच नसत. त्यामुळे घडणीची हकिकत माणसांच्या आठवणींत उरली आणि आत्मचरित्रांत, मुलाखतींत, गाण्यांच्या कार्यक्रमांतील निवेदनांत सांगितली गेली. जी. एन. जोशी हे यातले सर्वांत मोलाचे साक्षीदार. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जोशींनी १९३०च्या दशकाच्या प्रारंभी तबकडीवर गायिली. ती मराठी भावगीताच्या आद्य तबकड्यांत गणली जाते. पुढे ते एचएमव्ही या तबकडी-कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरासिया आणि ब्रिजभूषण काबरा यांच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची (१९६७) निर्मिती जोशींचीच; तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. काश्मीरमधील मेंढपाळाचा एक दिवस रागांतून मांडणाऱ्या या तबकडीच्या घडणीवर पूर्ण लांबीचा माहितीपट व्हायला हवा होता. जोशींनी मुद्रणकक्षातील आठवणी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहून ठेवल्या, हे आपले भाग्य.

कॅमेरा मराठी संगीतापर्यंत पोचला तो व्यक्तिचित्रांसाठी. जब्बार पटेल यांचा कुमार गंधर्वांवरील ‘हंस अकेला’ आणि अमोल पालेकर व संध्या गोखले यांचा किशोरी आमोणकरांवरील ‘भिन्न षड्ज’ ही त्याची मोठी उदाहरणे. दोन्हींत गायकाचा विचार आहे, तबकडी नाही.

मुद्रणाचा खरा पट महाराष्ट्रात सापडतो तो स्टुडिओबाहेर, जात्यापाशी. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतल्या जात्यावरच्या एक लाखावर ओव्या जमवल्या. नव्वदीच्या दशकात संगीतसंशोधक बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी चार हजारांवर ओव्या, सुमारे १२० तास, ध्वनिमुद्रित केल्या. मराठवाड्यातील मुद्रणे त्यात विशेष भरीव आहेत: परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, आणि बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेब आंबेडकरांवर ओव्या गाणाऱ्या स्त्रिया. २०१७पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ हा संग्रह प्रसिद्ध करत आहे. ‘पारी’च्या चमूने काही गायिकांना पुन्हा गाठून त्यांच्या चित्रफिती काढल्या. बाई कोण, ओवी कोणाकडून शिकली, दळण थांबल्यावर ती कुठे गाते, हे त्यांत कळते. ओवीचा कर्ता सहसा अज्ञात असतो. इथे निदान गाणारीचे नाव, गाव आणि चेहरा नोंदला गेला.

एकपदरी मुद्रणांचा अडसरही आता पूर्वीइतका पक्का नाही. पीटर जॅक्सन यांच्या बीटल्सवरील ‘गेट बॅक’ या माहितीपटासाठी (२०२१) जानेवारी १९६९मधील एकपदरी ध्वनिफितींतून आवाज आणि वाद्ये संगणकाने वेगळी काढली गेली. जुन्या मराठी तबकड्यांवरही हे तंत्र वापरता येण्याजोगे आहे. मात्र त्यासाठी मूळ फिती आणि मुद्रणाच्या नोंदवह्या जपलेल्या हव्यात. कोणत्या दिवशी कोण साथीला होते, हे यंत्र सांगू शकत नाही.