एका इंग्रज खेड्याची बखर

इंग्लंडचा इतिहास आमच्याकडे शिकविला जातो तो राजांचा आणि पार्लमेंटचा. मॅग्ना चार्टापासून निघावें, ट्यूडर-स्टुअर्ट ओलांडावे आणि सुधारणेच्या कायद्यापाशीं येऊन थांबावें, हा आमच्या कॉलेजांतील जुना शिरस्ता. परंतु त्या देशांत इतिहासाची आणखी एक वाट आहे. ती वेस्टमिन्स्टरकडे न जातां खेड्यांतल्या चर्चच्या पेटींत शिरते.

पेटी हा शब्द आम्हीं अलंकार म्हणून वापरलेला नाहीं. १५३८ सालीं आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानें आज्ञा काढली कीं, प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्यानें आपल्या हद्दींतील बाप्तिस्मे, विवाह व दफनें दर आठवड्यास एका वहींत लिहावीं आणि ती वही कुलुपबंद, भक्कम पेटींत ठेवावी. पॅरिश म्हणजे एका चर्चचा मुलूख. कधीं एकच गांव, कधीं चार वाड्या मिळून. लोकांस प्रथम संशय आला कीं, हा नव्या कराचा डाव असावा. अडीचशें वर्षांनीं तो खराही ठरला, कारण १७८३ सालीं दर नोंदीवर तीन पेन्सांचा कर बसला व तो उठावयास १७९४ साल उजाडलें. आरंभींच्या वह्या बहुधा कागदाच्या. १५९८ मध्यें त्या चर्मपत्रावर उतरून काढण्याचा हुकूम सुटला. मात्र निदान एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या नोंदी उतरल्या तरी चालेल अशी सवलत मिळाली. सवलत मिळाल्यावर तिचा लाभ न घेणारे पाद्री ते किती असणार? पुष्कळ पॅरिशांच्या वह्या नेमक्या १५५८ पासून सुरू होतात त्याचें इंगित हें आहे.

या वह्या वाचणें वाटतें तितकें सोपें नाहीं. १७५२ पूर्वीं इंग्लंडांत वर्ष बदलत असे तें पंचवीस मार्चला. समजा, एका जोडप्याचा विवाह एप्रिल १६५० मध्यें नोंदलेला आहे आणि त्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६५० मध्यें. आजच्या वंशजाची छाती धडधडते. वास्तविक ते मूल लग्नानंतर दहा महिन्यांनीं, अगदीं रीतसर जन्मास आलेलें असतें. दफनाच्या नोंदींत प्रेत लोकरीच्या वस्त्रांत पुरल्याचें प्रतिज्ञेवर सांगितलेलें आढळतें. तो कांहीं धर्मविधि नव्हे, देशांतील लोकरीचा धंदा जगावा म्हणून केलेला कायदा होता. यादवी युद्धाच्या काळांत तर कित्येक ठिकाणीं पानेंच्या पानें कोरीं आहेत.

पण अगदीं नीट राखलेली वही झाली तरी ती देऊन काय देते? नांवें आणि दिवस. जन्मला, परणला, मेला, या तिन्हींच्या मधलें आयुष्य कोठें गेलें, असा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर एका तरी पॅरिशच्या बाबतींत मिळतें. श्रॉपशर परगण्यांत, श्रूझबरीच्या उत्तरेस मिडल नांवाचें खेडें आहे. तेथील रिचर्ड गॉफ (१६३५ ते १७२३) हा न्यूटन वाडीचा शेतकरी. तरुणपणीं एका न्यायाधीशाच्या पदरीं कारकून होता, त्यामुळें लॅटिन आणि कायदा यांची त्यास जाण होती. साठी उलटल्यावर, १७०० सालीं, तो लिहावयास बसला. प्रथम त्यानें पॅरिशचीं स्थळें, हद्दी, वतनें यांचें वर्णन केलें. तेवढ्यावर तो थांबता तर आज त्याचें नांव कोणी घेतलें नसतें. पुढें त्यानें चर्चमधील बाकांचा नकाशा काढला आणि एकेका बाकावर बोट ठेवून तेथें बसणाऱ्या घराण्यांची हकीकत सांगितली.

ही युक्ति दिसते तितकी विक्षिप्त नाहीं. बाकावर बसण्याचा हक्क माणसाचा नसून घराचा व जमिनीचा असे. पुढें जमीनदार, मग मोठीं कुळें, मग लहान शेतकरी आणि सर्वांत मागें झोपडीवाले. म्हणजे रविवारच्या प्रार्थनेस सारा गांव आपल्या मानापानाच्या क्रमानें मांडून ठेवलेला. गॉफनें तो क्रम तसाच उचलला आणि शेवटच्या बाकावरील झोपडीवाल्यासही आपल्या ग्रंथांत जागा दिली. त्या काळच्या परगण्यांच्या जाडजूड इतिहासांत हें घडत नसे. तेथें ढाल-तलवारीचीं कुलचिन्हें असणारांनाच प्रवेश.

त्याच्या पानांतून येणारीं माणसें मोठी मौजेचीं आहेत. दारूपायीं इस्टेट घालविणारे नवरे आहेत, तशा बायकाही आहेत. रीस वेनलॉक नांवाचा एक गृहस्थ शेजाऱ्यांच्या कुंपणांचीं लाकडें रात्रीं पळवी. त्यानें नवी भट्टी बांधली तेव्हां, ती तापविण्यास हा आपल्याच धन्याचें कुंपण मोडणार हें ओळखून, शेजारच्या एका खट्याळ गड्यानें एका वाळल्या ओंडक्यास भोंक पाडून आंत बंदुकीची दारू ठासली, वर खुंटी मारली आणि तो पुन्हा कुंपणांत ठेवून दिला. त्या रात्रीं भट्टीचें छत उडालें आणि घराच्या एका टोंकास आग लागली! या चोरट्याविषयीं लिहितांना गॉफला राग येत नाहीं, गंमत वाटते.

आणि याच शांत स्वरांत तो यादवी युद्धाविषयीं सांगतो. १६४२ सालीं मिडलच्या टेकडीवर राजाच्या वतीनें सैन्यभरती झाली, ती त्यानें सात-आठ वर्षांचा असतांना स्वतः पाहिली. आठवड्याला चौदा ग्रोट, म्हणजे चार शिलिंग आठ पेन्स, असा पगार पुकारला गेला. मिडल, मार्टन व न्यूटन या तीन वाड्यांतून वीस माणसें गेलीं. त्यांपैकीं तेरा मारलीं गेलीं. एजहिल आणि नेझबी यांच्या नकाशांवर विद्यार्थी बाण काढतात. तीन वाड्यांतून तेरा गडी परत न येणें म्हणजे काय, हें मात्र त्यांना मिडलच्या बाकांवरच कळेल.

येथें आमच्या कुलवृत्तांतांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. केवढी मेहनत घेऊन ते सिद्ध होतात! तीर्थोपाध्यायांच्या वह्या, जुने कागद, वृद्धांच्या आठवणी, सारें धुंडाळलें जातें. परंतु त्यांत दिवाळखोर, व्यसनी, परागंदा झालेला असा पुरुष सहसा भेटत नाहीं, आणि कुळाच्या शेजारीं राहणारा गांव तर नाहींच नाहीं. गॉफ आपल्या सोयऱ्यांचीही भीड धरीत नाहीं.

सांगोवांगीवर लिहिणाऱ्या म्हाताऱ्याचा भरंवसा काय, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचा ग्रंथ १८३४ मध्यें अपुरा आणि १८७५ मध्यें अधिक पूर्ण असा छापला गेला. पण त्याची खरी कसोटी डेव्हिड हे या अभ्यासकानें घेतली. वही, मृत्युपत्रें, जमीनदारीचे कागद यांच्याशीं त्यानें गॉफचें म्हणणें ताडून पाहिलें आणि १९७४ सालीं मिडलवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. म्हातारा बहुतेक ठिकाणीं खरा ठरला. अशाच वह्यांची मोजदाद पुढें मोठ्या प्रमाणावर झाली. केंब्रिजमधील अभ्यासकांनीं ४०४ पॅरिशांच्या नोंदी घेऊन इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास १९८१ सालीं प्रसिद्ध केला. त्या नोंदी मोजणाऱ्यांत गांवोगांवचे हौशी लोक बरेच होते, हें विशेष.

गॉफचा एक दोष मात्र झांकण्यासारखा नाहीं. पॅरिशांमध्यें गरिबांवरून जे तंटे झाले त्यांवर त्यानें वेगळें प्रकरण लिहिलें आहे, आणि तेथें त्याच्यांतला माणूस मागें सरून करदाता व वकील पुढें येतो. १६०१ च्या कायद्यानें गरिबांस पोसण्याचा भार पॅरिशवर पडला होता. १६६२ च्या कायद्यानें, वर्षाला दहा पौंडांहून कमी खंडाच्या घरांत उतरलेल्या उपऱ्यास चाळीस दिवसांच्या आंत तक्रार करून त्याच्या मूळ पॅरिशांत हांकलतां येऊं लागलें. पुढें १६९१ मध्यें वर्षभराच्या चाकरीनें गांवकीचा हक्क मिळूं लागला, तेव्हां धन्यांनीं गडी एकावन्न आठवडे ठेवण्याची शक्कल काढली. अनौरस मूल जन्मेल त्या पॅरिशचें ठरे. म्हणून दिवस भरलेल्या अविवाहित स्त्रियांना हद्दीपार लोटण्याची घाई होई.

यांतून एक विचित्र गोष्ट घडली. गरीब माणसास हांकलण्यापूर्वीं न्यायाधीशांपुढें त्याची जबानी घेत: जन्म कोठें, चाकरी कोणाकडे, पगार किती, लग्न कधीं, मुलें किती. धनवंतांचीं चरित्रें मृत्युपत्रांत सांपडतात. मजुराचें चरित्र सांपडतें तें बहुतांशीं या एकाच कागदांत, आणि तो लिहिणारांचा हेतु त्याला गांवाबाहेर काढण्याचा होता.

१९७८ च्या नियमानें शंभर वर्षांहून जुन्या वह्या, सुरक्षिततेची खास सोय नसेल तेथें, चर्चच्या पेट्यांतून निघून परगण्यांच्या दप्तरखान्यांत आल्या. तेथें अमेरिकेहून, ऑस्ट्रेलियाहून वंशज येतात. पुष्कळांना कुलचिन्ह हवें असतें. हातीं येते ती अशी एखादी जबानी, आणि तिच्याखालीं सहीच्या जागीं खापरपणजीनें काढलेली फुली.