पोटेमकिनचा पुढचा प्रवास

आयझेनस्टाइनचा १९२५ सालचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हा मूकपट ज्यांनी पाहिला, त्यांना ओडेसाच्या पायऱ्यांवरील कत्तल विसरता येत नाही. इतिहास थोडे निराळे सांगतो. जून १९०५ मध्ये किडलेल्या मांसावरून खलाशांनी बंड केले, वाकुलिनचुक मारला गेला, हे खरे. ओडेसात माणसे शेकड्यांनी मेली, हेही खरे. पण ती रात्री, बंदरात, आगीत आणि गोळीबारात. दिवसाढवळ्या पायऱ्या उतरणारी ती शिपायांची रांग दिग्दर्शकाची.

त्यावरून आम्ही भांडणार नाही. कत्तल झालीच होती. त्याने तिची जागा बदलली. आमची तक्रार आहे ती शेवटाविषयी. समोरचे आरमार तोफ न डागता वाट देते, पोटेमकिन दिमाखात पुढे जाते, आणि तेथेच चित्र संपते. आरमाराने तोफ डागली नाही, हे घडलेले आहे. पण पुढे? रुमानियाने पहिल्या खेपेस रसद नाकारली. फिओडोसियात कोळसा आणू गेलेल्या खलाशांवर गोळ्या झाडल्या गेल्या. संप पुकारण्यापूर्वी घरोघरी किती दिवसांचे धान्य आहे, हे आम्ही आधी विचारतो. तसाच हा कोळशाचा हिशेब, आणि नेमका तोच पडद्यावर नाही. अखेर कॉन्स्टान्झा बंदरात जहाज सोडून द्यावे लागले. पुढारी मात्युशेंको गुपचूप रशियात परतला. १९०७ मध्ये त्याला फाशी दिली.