नवा पंच आणि दोन कप्तान

क्रिकेटच्या इतिहासांत फलंदाजांचीं व गोलंदाजांचीं चरित्रें पुष्कळ आहेत. पंचाचें चरित्र मात्र क्वचितच कोणी लिहितो. त्याचें नांव लोकांच्या तोंडीं येतें तें बहुधा शिव्या देतांनाच. म्हणून फ्रँक चेस्टर या इंग्रज पंचाच्या आरंभींच्या दिवसांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

चेस्टरचा जन्म 1895 चा. विशीच्या आंतच तो वूस्टरशायरतर्फें नांवारूपास आला. 1914 मध्यें एसेक्सविरुद्ध त्यानें नाबाद 178 धावा काढल्या, आणि त्यांत एसेक्सचे कप्तान डग्लस यांच्या गोलंदाजीवर चार षट्कार मारले. पुढें महायुद्ध आलें. सॅलोनिकाच्या आघाडीवर त्याचा उजवा हात कोपराखालीं गेला. बॅट सुटली, पण मैदान सुटलें नाहीं. 1922 सालीं, वयाच्या 27 व्या वर्षीं, तो पंच झाला. हें काम तेव्हां उतारवयाच्या निवृत्त खेळाडूंचें समजलें जाई.

त्याच वर्षीं लेटन येथें एसेक्स व सॉमरसेट यांचा सामना झाला. चेस्टरनें त्यांत डग्लस यांना पायचीत आणि सॉमरसेटचे कप्तान डॅनियल यांना यष्टिचीत दिलें. तेव्हां जोडीच्या पंचानें त्याला बजावलें कीं, हा तर आपल्याच हातानें आपला घात करून घेणें होय. हा इशारा पोकळ नव्हता. कप्तान हे हौशी, प्रतिष्ठित गृहस्थ. पंच हा पोटासाठीं उभा राहणारा माजी पगारी खेळाडू. आणि पंचाविषयींचा अभिप्राय वरिष्ठांकडे पाठविणार ते हेच कप्तान! (डग्लस तर 1908 च्या ऑलिंपिकमध्यें मुष्टियुद्धाचें सुवर्णपदक मिळविलेले.) ज्याच्याविरुद्ध निर्णय द्यावयाचा त्याच्याच हातीं आपली भाकरी असतां बोट वर करणें किती कठीण, हें ज्यांनीं साधा कॉलेजचा सामना चालविला आहे त्यांना निराळें सांगावयास नको.

हें धैर्य केवळ स्वभावाचें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. चेस्टर यष्टींवर पार ओणवा होऊन चेंडू न्याहाळी. नजरेखालून कांहीं सुटलें नाहीं अशी खात्री असली म्हणजे ओरड्याची भीति उरत नाहीं. 1932 मध्यें लॉर्ड्‌सवर कर्नल नायडूंच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थान आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हां दोघां पंचांपैकीं एक चेस्टरच होता. ब्रॅडमननें तर, आपण ज्यांच्या पंचगिरीखालीं खेळलों त्या सर्वांत त्यालाच श्रेष्ठ ठरविलें.

तथापि उत्तरायुष्यांत त्याच ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंशीं त्याचे खटके उडाले. 1953 च्या दौऱ्यांत ते विशेष गाजले. तेव्हां त्याची प्रकृति ढासळली होती हें खरें. पण तरुणपणीं ज्या ताठपणानें त्याला तारलें तोच आतां इतरांस तुसडेपणा भासूं लागला होता, असें आमचें मत आहे. 48 कसोटी सामने करून 1955 मध्यें तो निवृत्त झाला, व 1957 मध्यें वारला. षट्कांतील चेंडू मोजण्यासाठीं तो सहा खडे वापरी. पहिल्या सामन्याला निघण्यापूर्वीं ते त्यानें आपल्या आईच्या बागेंतून वेंचून घेतले होते.