खाणीवरची पाटी

१ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींवर नव्या पाट्या लागल्या. ही खाण यापुढे राष्ट्रीय कोळसा मंडळ जनतेच्या वतीने चालवील, असा त्यांचा आशय होता. मजूर पक्षाने १९१८ साली आपल्या घटनेच्या चौथ्या कलमात उत्पादनसाधनांच्या सामायिक मालकीचे ध्येय लिहून ठेवले होते. ते आता साकार झाले, असे पुष्कळांना वाटले. पण मंडळाचे पहिले अध्यक्ष लॉर्ड हिंडली हे त्याआधी पॉवेल डफ्रिन या बड्या खाणकंपनीचे कार्यकारी संचालक होते. जुन्या मालकांना भरपाई मिळाली आणि बरेचसे व्यवस्थापकही तेच राहिले. मालक बदलला, साहेब बदलला नाही. मग याला समाजवाद म्हणावे काय?

आता दुसरे उदाहरण पाहा. ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. अशी सेवा हवी हे ज्या १९४२ च्या अहवालाने गृहीत धरले, त्याचे कर्ते विल्यम बेव्हरिज समाजवादी नव्हते. ते उदारमतवादी होते. म्हणून कोणी या सेवेला भांडवलशाहीचे ठिगळ म्हणेल. परंतु ती उभारणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधील ट्रेडेगर गावचे, पोरवयातच खाणीत उतरलेले. त्या गावात कामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी काढून स्वतःची वैद्यकीय संस्था चालविली होती. डॉक्टरही तीच नेमी. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले क्रोनिन तेथे डॉक्टर होते. १९५१ साली सरकारने कवळी व चष्मा यांवर आकार बसविण्याचे ठरविले, तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. रक्कम लहान होती. पण आजाऱ्याने खिसा चाचपडावा की नाही, हा प्रश्न लहान नव्हता.

पक्षातही वाद पेटला. मालकी हे साधन आहे, साध्य समता आहे, असे अँथनी क्रॉसलंड यांनी १९५६ साली मांडले. १९५९ च्या निवडणुकीतील पराभवानंतर गेट्‌स्केल यांनी चौथे कलम बदलू पाहिले; त्यांना ते जमले नाही. टोनी ब्लेअर यांनी १९९५ साली ते बदलले. त्याच्या आदल्याच वर्षी कोळशाच्या खाणी खासगी हाती गेल्या होत्या. म्हणजे ज्याला शुद्ध समाजवाद म्हटले ते गेले, आणि ज्याला ठिगळ म्हणता आले ते टिकले!

यावरून मालकीचा प्रश्न फोल ठरतो, असे मात्र मला वाटत नाही. आरोग्यसेवेने रोग्याची फीची धास्ती घालविली. पण डॉक्टर नेमण्यात ट्रेडेगरच्या वर्गणीदाराचा जो शब्द होता, तो मोठ्या यंत्रणेत हरवला. खाणकामगाराला मालकी मिळाली ती पाटीपुरती, आणि रोग्याला आधार मिळाला तो अधिकाराविना. भांडवलशाही देशात समाजवाद किती आला, हे मोजताना कायद्यांची यादी पुरेशी नाही. ज्याच्यासाठी तो कायदा केला त्याची धास्ती किती कमी झाली आणि त्याच्या शब्दाला वजन किती आले, हे दोन्ही विचारावे. यांपैकी एकाच उत्तरावर समाधान मानले, तर खाणीवरची पाटी पुन्हा बदलायला वेळ लागत नाही.