दोन उन्हाळ्यांचा पुणेरी संघ

अवघे दोन उन्हाळे जगलेल्या क्रिकेट संघाच्या इतिहासास सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्थान द्यावे काय, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. आमच्या मते अवश्य द्यावे. कारण पुणे आणि चेन्नई या दोन्ही नगरांशी त्या संघाचा जो ऋणानुबंध जुळला, त्याची गोडी आवडीतील मराठी कुटुंबांइतकी अन्य कोणास क्वचितच कळेल.

१४ जुलै २०१५ रोजी न्यायमूर्ती लोढा समितीने सट्टेबाजीच्या प्रकरणी चेन्नई व राजस्थान हे दोन संघ आय.पी.एल.मधून दोन वर्षांसाठी बाजूस सारले. त्या रिकाम्या जागी पुणे व राजकोट आले. पुण्याचा संघ कोलकात्याच्या गोएंकांनी घेतला. नियामक मंडळाकडून वाटा घेण्याऐवजी आपणच १६ कोटी देण्याची त्यांची बोली होती. नाव ठेवले रायझिंग पुणे सुपरजायंट्स. खेळाडूंच्या निवडीत पुण्याने पहिलेच नाव घेतले ते चेन्नईच्या धोनीचे, आणि अश्विनही तिकडेच गेला. मुले पिवळ्या रंगाची, वडीलधारी पुण्याची, हा आमच्या घरांतील जुना तंटा त्यामुळे दोन वर्षांपुरता मिटला.

पहिला उन्हाळा मात्र दुष्काळाचा. महाराष्ट्रात प्यावयास पाणी नसता मैदाने कशी भिजवावीत, हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि १ मे २०१६ नंतरचे सामने राज्याबाहेर न्यावे लागले. गहुंजे सोडून पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला. १४ पैकी ५ सामने जिंकून तो सातवा आला.

२०१७ मध्ये धोनीऐवजी स्मिथ कर्णधार झाला आणि संघाच्या नावातील शेवटचा 'स' गळाला. नशीब पालटावे म्हणून की काय, कोण जाणे! पालटले मात्र खरे. महाराष्ट्राच्या राहुल त्रिपाठीने धावा केल्या, उनाडकटने २४ बळी घेतले. जायबंदी अश्विनच्या जागी आलेल्या चेन्नईच्याच सतरा वर्षांच्या वॉशिंग्टन सुंदरने वानखेडेवर १६ धावांत ३ बळी घेऊन मुंबईस नमविले. २१ मे रोजी हैदराबादेत अंतिम सामना पुन्हा मुंबईशीच. विजयास १३० धावा हव्या. शेवटच्या षटकात ११. पहिल्याच चेंडूवर तिवारीचा चौकार; मग तो आणि स्मिथ लागोपाठ बाद. पुणे एका धावेने हरले, आणि तोच त्या संघाचा अखेरचा सामना ठरला.

२०१८ मध्ये चेन्नई परतली. परंतु कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटले आणि चेपॉकवर एकच सामना होऊन उरलेले सामने हलवावे लागले, तेही नेमके पुण्यास. चाहत्यांसाठी सेंट्रलहून खास आगगाडी निघाली. तो लोहमार्ग आवडीवरूनच जातो. पिवळ्या सदऱ्यांनी भरलेली ती गाडी आमच्या स्थानकावरून पुण्याकडे गेली.