अश्मरी आणि वेदनाशमन

मुतखड्याची कळ ज्यानें एकदां सोसली, त्याला दुःखाची व्याख्या शिकवावी लागत नाहीं. परंतु एक काळ असा होता कीं, रोगाहून त्याचा उपचारच अधिक भयंकर वाटे. खडा काढण्याच्या विद्येचा इतिहास हा म्हणूनच वेदना शमविण्याचाहि इतिहास आहे. रोगी किती वेळ स्थिर राहूं शकतो, यावर वैद्याच्या हाताचें यश सदैव अवलंबून राहिलें.

सुश्रुतसंहितेंत मूत्राशयांतील अश्मरीचें शस्त्रकर्म वर्णिलें आहे. रोग्यास एका बलवान व निर्भय मनुष्याच्या मांडीवर उताणें ठेवून त्याचे गुडघे व कोपर बांधावे, असें तेथें सांगितलें आहे. ज्यास वेदना साहवत नाहीं, त्यास शस्त्रकर्मापूर्वीं तीक्ष्ण मद्य पाजावें, असाहि सामान्य नियम त्या ग्रंथांत आढळतो. बळकट हात, दोरी आणि मद्य, एवढाच त्या वेळचा आधार होता.

युरोपांतील स्थिति शेंकडों वर्षांनंतरहि निराळी नव्हती. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स यानें २६ मार्च १६५८ रोजीं, वयाच्या २५ व्या वर्षीं, लंडनमध्यें शुद्धीवर असतांनाच हें शस्त्रकर्म करून घेतलें. तो त्यांतून वांचला. आणि त्या दिवसाचें स्मरण पुढें वर्षानुवर्षें ठेवीत गेला! त्या काळीं शस्त्रवैद्याचा मुख्य गुण म्हणजे वेग.

१८२४ सालीं पॅरिस येथें सिव्हिआल यानें शरीर न कापतां, मूत्रमार्गानें उपकरण आंत घालून खडा फोडला. पण जागा रोगी फार वेळ कसा सोसणार? अनेक बैठकी कराव्या लागत, आणि मध्यंतरीं राहिलेले तुकडे मूत्राशयास बोंचत राहत.

ही अडचण दूर केली ती नव्या उपकरणापेक्षां भुलीनें. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथें ईथरचा प्रसिद्ध प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत वैद्यकीय जगापुढें मांडणारा हेन्री बिगेलो यानेंच १८७८ सालीं दाखवून दिलें कीं, रोगी निद्रिस्त असेल तर खडा फोडून त्याचे सर्व तुकडे एकाच बैठकींत धुवून काढतां येतात. आतां घाई उरली नाहीं. हिंदुस्थानांत इंदूर येथें डॉ. कीगन यानें हीच पद्धति लहान मुलांवरहि यशस्वी करून दाखविली.

मूत्रपिंडांतील खड्यांसाठीं मात्र दीर्घकाळ सुरीच चालत राहिली. ७ फेब्रुवारी १९८० रोजीं म्युनिक येथें डॉ. शॉसी व त्यांचे सहकारी यांनीं डॉर्निअर या विमानें बनविणाऱ्या कंपनीच्या यंत्रानें बाहेरूनच आघातलहरी सोडून मूत्रपिंडांतील खडा फोडला. शस्त्र गेलें, वेदना मात्र गेली नाहीं. पाण्याच्या टाकींत बसविलेल्या रोग्याच्या त्वचेला, बरगड्यांना व मूत्रपिंडाच्या आवरणाला प्रत्येक आघात जाणवे. म्हणून संपूर्ण भूल द्यावी लागे, किंवा पाठीच्या कण्यांत औषध देऊन शरीराचा खालचा भाग बधिर करावा लागे.

पुढें सौम्य यंत्रें आलीं. त्वचेच्या अधिक विस्तृत भागावर लहरी पसरून आंत एकवटूं लागल्या, आणि पुष्कळांस डायक्लोफिनॅकसारखें वेदनाशामक किंवा शिरेंतून दिलेलें अफूच्या जातीचें औषध पुरेसें होऊं लागलें. त्वचा बधिर करणाऱ्या मलमाचाहि उपयोग झाला. पण आंतील खोल वेदनेपर्यंत तो पोंचत नाहीं. जागा रोगी लवकर घरीं जातो, भुलीचा धोका टळतो, खर्चहि वांचतो. मात्र सौम्य आघातांमुळें कित्येकदां उपचार पुन्हां करावा लागतो.

शिवाय मूत्रपिंड श्वासाबरोबर खालींवर होतें. दुखावलेला रोगी दचकतो, जोरानें श्वास घेतो, आणि खडा लहरींच्या केंद्रांतून सरकतो. संपूर्ण भुलींत श्वास संथ व नियमित ठेवतां येतो. यासाठींच जाग्या रोग्यावर आघातांचा जोर हळूहळू वाढविण्याची रीत पडली.

म्हणून सर्वांना एकच उपाय श्रेष्ठ, असें म्हणतां येत नाहीं. खड्याचा आकार, यंत्राचा जोर, रोग्याचें हृदय व फुप्फुसें, आणि त्याची भीति, या सर्वांचा विचार करूनच निवड करावी लागते. वेदनाशमन ही रोग्यावर केलेली मेहेरबानी नव्हे, तें उपचाराचेंच अंग आहे, ही या दीर्घ इतिहासाची शिकवण होय.